मोहोराआधीचा पाडवा

यंदा पाडव्याच्या सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली उभ्या राहून कितीतरी वेळ वर बघत होत्या. एका हातात ताट, ताटात हळद-कुंकू, साखरेची गाठी, झेंडूची माळ. दुसरा हात उन्हासाठी डोळ्यांवर धरलेला. मी गॅलरीत गुढीची काठी सुतळीने कठड्याला बांधत होते. मला वाटलं, एखादा पक्षी दिसला असेल. माझी चाहूल लागली तशा म्हणाल्या, "अगं, मोहोर नाहीये अजून. एकसुद्धा तुरा नाही." आणि खालच्या फांदीची एक डहाळी तोडून आत गेल्या. एवढंच. गुढी उभी राहिली, पूजा झाली, श्रीखंड-पुरीचं जेवण झालं, दुपारी घर गाढ झोपलं. मला मात्र ते वाक्य सोडेना. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या काकूंनी इतके पाडवे बघितलेत, तरी त्या अजून आधी झाडाकडे बघतात आणि मग गुढीकडे.

दुपारी खाली उतरून मीही झाड नीट बघितलं. पानगळ निम्मीशिम्मी झाली होती. फाटकापाशी पिवळ्या पानांचा थर, आणि शेंड्यांना तांबूस पालवी, इतकी कोवळी की ऊन तिच्यातून आरपार येत होतं. कोपऱ्यावर ज्या मावशी पाडव्याचा बाजार घेऊन बसतात त्यांच्या टोपलीतल्या जुड्याही नुसत्या पाल्याच्याच होत्या. कोथरूडमध्ये राहायला आल्यापासून मी त्यांच्याकडून आंब्याची डहाळी घेते, कडुनिंब मात्र खालच्या झाडाचा. त्या पाल्यात गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चिंच, ओवा, मिरी, हिंग घालून आम्ही तो वाटतो. पण माझ्या आजीच्या हिशेबात पाला हा दुय्यम होता. ती प्रसादावर वरून मोहोराची फुलं झटकायची. कडुनिंबाचं फूल हातात घेऊन बघितलंत तर कळेल, तांदळाच्या दाण्याहून थोडंसंच मोठं, पाच पांढऱ्या पाकळ्या आणि मधोमध एक पिवळसर नळी. एवढ्याशा फुलाला मधाचा वास असतो, आणि संध्याकाळी वारा पडला की तो वास अख्ख्या गल्लीत उतरतो. चवीला ते पाल्याइतकं कडू नसतं. कडूपणा मागून, सावकाश येतो.

मोहोर आला नव्हता, कारण पाडवा लवकर आला होता. २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, यंदा १९ मार्चला. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं, म्हणून सण दर वर्षी मागे सरकत जातात, आणि साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून त्यांना पुन्हा ऋतूच्या जागेवर आणून बसवायचं. यंदाचा अधिक महिना ज्येष्ठात आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. तो झाला की पुढच्या वर्षी पाडवा ७ एप्रिलवर जाईल. हे सगळं पंचांगात असतं आणि आपण ते वाचून पुढे जातो. पण ज्यांनी हा अधिक महिना घालायचा ठरवलं त्यांना काय राखायचं होतं, ते मला त्या दिवशी झाडाखाली उभं असताना समजल्यासारखं वाटलं. सण आणि मोहोर यांची ताटातूट होऊ नये, एवढ्यासाठी त्यांनी आकाशाचा हिशेब मांडला. दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे चालतील, पण चैत्र थंडीत जाता कामा नये.

गंमत अशी की त्या दिवशी काकूंच्या प्रसादात फुलं पडलीच. दुसऱ्या मजल्यावर वरंगळकडची एक मुलगी राहते, हिंजवडीला नोकरी करते. तिचा उगादी आणि आपला पाडवा एकाच दिवशी. त्यांच्या पच्चडीत कडुनिंबाची फुलंच लागतात, सोबत गूळ, चिंच, कैरी, मीठ आणि तिखट. ती वाटीभर पच्चडी घेऊन काकूंकडे गेली, तर काकूंनी तिला पहिला प्रश्न विचारला, "फुलं कुठून आणलीस गं?" तिच्या आईने मागच्या उन्हाळ्यात सावलीत वाळवून बाटलीत भरून पाठवलेली. दक्षिणेत घरोघरी ती अशी वाळवून ठेवतात, तुपात परतून रसममध्येही घालतात. काकूंनी चिमूटभर हातावर घेतली, वास घेतला आणि सरळ देवापुढच्या प्रसादावर टाकली. मला बोलावून दाखवलं. वाळून ती तपकिरी झाली होती, पण वास शिल्लक होता.

माझं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. आमच्याकडे वसंत सुरू व्हायचा तो पळसाने. होळीच्या आधीच पेठ रस्त्याला, हरसूलच्या बाजूला उघडे-बोडके पळस पेटायचे. पान एक नाही आणि फांद्यांवर शेंदरी फुलांची गर्दी. जवळ गेलं की त्या फुलांचा मखमली काळपट देठ आणि पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली पाकळी दिसायची. मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल सगळ्यांची तिथे दिवसभर भांडणं. आजोबा एसटीने येताना पिशवीभर खाली पडलेली फुलं वेचून आणायचे. झाडावरची तोडायची नाहीत, हा नियम कडक होता. ती फुलं पितळी पातेल्यात उकळली की पाण्याला पिवळा-केशरी रंग उतरे, आणि त्यात आजी खायच्या चुन्याची बोटभर निवळी सोडायची. रंग डोळ्यांदेखत गडद व्हायचा. चुन्याने असं का होतं ते पुढे शाळेत शिकले, पण तो क्षण आधी आजीच्या पातेल्यातच बघितला होता.

नाशिककरांना रंग म्हणजे रंगपंचमी. धूलिवंदनाला आमच्याकडे वीरांची मिरवणूक, दाजीबा वीर. रंग पाचव्या दिवशी. आणि रंगपंचमी म्हणजे रहाडी. बाहेरच्यांना सांगावं लागतं: जुन्या नाशकात, चौकांत, रस्त्याच्या खाली दगडी बांधणीचे पेशवेकाळापासूनचे हौद आहेत. वर्षभर ते लाकडांनी आणि मातीने झाकलेले असतात, वरून रिक्षा आणि माणसं जातात. रंगपंचमीच्या आधी उकरायचे, साफ करायचे, पूजा करायची, आणि फुलं उकळून काढलेल्या रंगाने भरायचे. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. लोक काठावरून उड्या मारतात आणि वर येतात ते दुसऱ्याच कुणाचं तरी तोंड घेऊन. मुली तेव्हा रहाडीत उतरत नसत, आम्ही माडीच्या खिडकीतून बघायचो. त्याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे. पण वास आठवतो तो रागाच्याही वर येतो: ओल्या मातीचा, फुलांच्या काढ्याचा, धुराचा. तो वास बाजारातल्या कुठल्याच रंगाच्या पुडीत नसतो.

पुण्यात आल्यावर पळस शोधायला टेकडी चढावी लागली.

वेताळ टेकडीवर फेब्रुवारी-मार्चमध्ये जायला हवं, म्हणजे काय काय फुलतं ते कळतं. उघड्या खडकाळ भागात वारसाची पांढरी चुरगळलेली फुलं सकाळी वाटेवर पडलेली असतात, कारण वारस रात्री फुलतो. पांगारा, काटेसावर, कुठेकुठे कौशीची पोवळ्याच्या रंगाची नाजूक फुलं. सावरीच्या फुलात इतका मकरंद असतो की मैना त्यात डोकं खुपसतात आणि कपाळ पिवळं करून बाहेर येतात. या सगळ्या झाडांची एकच रीत: पानं टाकायची, पाणी वाचवायचं, आणि झाड उघडं असताना फुलायचं, म्हणजे पाखरांना लांबून दिसतं. उन्हाळ्याच्या तोंडावर, विहिरी आटत असताना हा थाट करायचा, हे मला दर वर्षी नव्याने थक्क करतं. पाऊस पडायला अजून तीन महिने असतात. टेकडीचा बराचसा भाग आता गिरिपुष्पाने व्यापलाय, तेही याच दिवसांत गुलाबी-पांढरं फुलतं आणि दिसतं देखणं, पण त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. मला ते बघताना आनंद होतो आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडतो.

चैत्रगौर बसते ती पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, तृतीयेला, आणि महिनाभर झोपाळ्यात बसून अक्षय्य तृतीयेला उठते. माहेरी आलेली लेक, असं आजी म्हणायची. म्हणून तिला उन्हाचा त्रास होऊ द्यायचा नाही. देवघरातली अन्नपूर्णा उचलून पितळी झोपाळ्यात ठेवायची, वाळ्याचा पंखा, मोगऱ्याची वेणी, समोर पायऱ्यांची आरास. अंगण शेणाने सारवून आजी चैत्रांगण काढायची. आम्हा मुलींना त्यातली सोपी चिन्हं मिळायची, गोपद्म, स्वस्तिक, कासव. शंख आणि तुळशीवृंदावन मोठ्यांकडे, आणि मधोमध मखरातली गौर आजी स्वतः काढायची. ती रांगोळी चिमटीत धरून सोडताना तिची करंगळी जमिनीला टेकलेली असायची, तेवढाच आधार, आणि रेष सुरू झाली की संपेपर्यंत श्वास रोखलेला. सूर्य-चंद्र, सर्प, हत्ती, फणी-करंडा, आंबा, मोर. मी पुढे बघितलं की प्रत्येक घरी चिन्हं थोडी वेगळी असतात, पण आंब्याला सुट्टी नाही कुठेच.

आणि ते हळदीकुंकू! दारातच पायावर पाणी, हातांना चंदनाचा लेप, गुलाबदाणीतून गुलाबपाण्याचा शिडकावा. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी. मग कैरीची डाळ. हिच्याबाबत मी हट्टी आहे. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरडच वाटायची, तिचा लगदा झाला की संपलं. कैरी किसायची, पण डाळीत आयत्या वेळी मिसळायची, नाहीतर पाणी सुटतं. हिरवी मिरची डाळीबरोबर, आणि वरून हिंग-हळद-सुक्या मिरचीची गार केलेली फोडणी. गरम फोडणी ओतली की डाळ शिजल्यासारखी लागते. सोबत पन्हं, उकडलेल्या कैरीचं, गुळाचं. साखरेचं पन्हं रंगाने सुरेख दिसतं पण मला ते पोरकं वाटतं. बायका यायच्या त्या चारच्या उन्हात, घामेजलेल्या, आणि बाहेर पडायच्या त्या हाताला चंदनाचा वास घेऊन. घरात कोंडलेल्या बायकांना ऐन उन्हाळ्यात एकमेकींकडे जायला मिळावं, म्हणून कुणीतरी शहाण्या बाईने हा महिना योजला असावा, असं मला फार वाटतं. त्याच वेळी हेही आठवतं की समोरच्या वाड्यातल्या विधवा काकूंना हे बोलावणं कधी गेलं नाही. त्यांच्याकडे डाळ-पन्ह्याचा डबा संध्याकाळी आम्ही मुली पोचवायचो. त्या डबा घेताना नेहमी विचारायच्या, "गौरीला काय फुलं होती?" आमच्या सोसायटीत चैत्रगौरीचं बोलावणं आता सगळ्यांना असतं. खालच्या काकू स्वतः विधवा आहेत आणि हळदीकुंकू त्यांच्याच घरी होतं. हा बदल मला जुन्या परंपरेइतकाच मोलाचा वाटतो.

चैत्रात मंडईत गेलात तर दवणा मागून बघा. राखाडी-हिरव्या, बारीक चिरलेल्या पानांची जुडी, दिसायला अगदी साधी, नजरेत भरेल असं फूल नाहीच. पण हातात धरली की त्या वासाने गर्दी विसरायला होते, उग्र आणि गोड एकदमच. जोतिबाच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत गुलालाबरोबर दवणाच उधळतात. आजी देवाला वाहिलेला दवणा वाळवून लुगड्यांच्या घडीत ठेवायची आणि श्रावणापर्यंत त्या पेटीला चैत्राचा वास यायचा. पंढरपुरात पाडव्यापासून मृगापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी असते, पुण्यात दगडूशेठ गणपतीला मोगऱ्याची आरास होते. देवालाही उन्हाळा लागतो, ही कल्पनाच मला अतिशय जवळची वाटते.

आता आमच्या गल्लीत जे सगळ्यात जोरात फुलतं ते यांतलं काहीच नाही. ते आहे टॅबेबुया. मार्च लागला की फिक्या गुलाबी कर्ण्यांनी झाड भरतं, माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. मुंबईत पूर्व द्रुतगती महामार्गाच्या कडेने विक्रोळीजवळ हेच. झाड मध्य अमेरिकेकडचं, एल साल्वादोरचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे. नीलमोहर दक्षिण अमेरिकेतला, गुलमोहर मादागास्करचा. हे परदेशी रंग बघून नाक मुरडणारे लोक मला भेटतात आणि त्यांचं एक म्हणणं पटतं: रस्त्याच्या कडेला बहावा, करंज, शिरीष, पांगारा लावायला काय हरकत आहे? पाखरांना, फुलपाखरांच्या अळ्यांना ओळखीची झाडं लागतात. पण पुढचं म्हणणं पटत नाही, की ही फुलं आपली नव्हेत. गुढीला आपण जी माळ घालतो तो झेंडू मेक्सिकोचा. देवळाच्या आवारात ज्याची फुलं पिंडीवर पडतात तो देवचाफाही मध्य अमेरिकेकडचाच. कुणीतरी तो पहिल्यांदा देवाला वाहिला असेल तेव्हा घरच्या म्हातारीने काय म्हटलं असेल?

यंदा याचं उत्तर मला समोरच बघायला मिळालं. काकूंच्या गौरीच्या हळदीकुंकवाला चैत्रांगण काढायला सोसायटीतल्या पोरी जमल्या होत्या. लिफ्टसमोरच्या फरशीवर गेरूचा हात मारलेला. त्यांतली एक, सहावीतली, शंख-चक्र-गदा झाल्यावर कोपऱ्यात काहीतरी कर्ण्यासारखं काढत बसली. पाच सुरकुतलेल्या पाकळ्या, गळ्यात पिवळा ठिपका. काकूंनी वाकून बघितलं. "हे काय गं?" "फाटकाबाहेरचं फूल, आजी. आत्ता तेच फुललंय ना?" काकूंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग गुलाबी रंग भर त्यात. पांढरं ठेवू नकोस, ओळखू येणार नाही." आणि स्वतःच्या डब्यातली गुलाबी रांगोळी काढून दिली. मी तिथेच पन्ह्याचे पेले भरत होते. मला इतका आनंद झाला की एक पेला काठोकाठ भरून सांडला. चैत्रांगणात जे काढतात ते आजूबाजूला जे आहे तेच तर असतं, आंबा, मोर, सर्प, तुळस. त्या पोरीने डोळे उघडे ठेवून जे दिसलं ते काढलं.

त्या हळदीकुंकवाच्या सुमारासच कडुनिंब मोहोरला. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तुरे पानांआड लोंबत असतात. वासाने कळलं. रात्री गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढताना वास आला आणि मी हातातला कपडा तसाच धरून उभी राहिले. मग फुलं गळायला लागली, फाटकापाशी पांढरा सडा, आणि सोबत नेहमीचा विषय निघाला. गाड्यांच्या काचांवर फुलं चिकटतात, वायपरमध्ये अडकतात, पुढे निंबोण्या पडून आणखी घाण होईल, तर झाड आत्ताच चांगलं छाटून घ्यावं. असं म्हणणारे वाईट लोक नाहीत; सकाळी घाईत गाडी पुसावी लागते हेही खरंच. पण मीटिंगमध्ये मी बोलले, आणि मुद्दाम सविस्तर बोलले. छाटणीला महापालिकेची परवानगी लागते, १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, हे तर सांगितलंच. पण मुख्य म्हणजे मोहोरात झाड छाटलं तर निंबोण्याच धरणार नाहीत. आणि निंबोण्यांवर जूनमध्ये कोकीळ, बुलबुल, मैना सगळे येतात. काकू एकच वाक्य बोलल्या, "पाडव्याला डहाळी सगळ्यांनीच नेली होती ना इथून?" कुणी उत्तर दिलं नाही.

छाटणी पावसाळ्यानंतर, परवानगी घेऊन, फक्त तारांना लागणाऱ्या फांद्यांची करायची असं ठरलं. झाडाखालच्या दोन गाड्या आता पलीकडच्या रांगेत लागतात. त्यांच्या मालकांनी कुरकुर केली, पण हलवल्या. मोकळ्या झालेल्या जागेत वरंगळच्या मुलीने स्वच्छ धुतलेली चादर अंथरली. तिच्या आईने फोनवर सगळं सांगितलंय: फुलं पहाटे गोळा करायची, उन्हात नाही, सावलीत वाळवायची, ओलसर असताना बाटलीत भरायची नाहीत. काकूंनी त्यांच्या लोणच्याची एक रिकामी बरणी उकळत्या पाण्याने धुऊन तिला दिली आहे. पुढच्या वर्षी पाडवा एप्रिलमध्ये आहे, झाडावर ताजा मोहोर असेल, तेव्हा बरणी उघडायची गरज पडणार नाही. पण २०२८ चा पाडवा २७ मार्चला येतोय.